मुंगीला पाठ झालेलं पुस्तक

हळू उघडा हो मला. पाठीचा दोरा सुटलाय. जोर लावलात तर दोन तुकडे हातात येतील.

मी चित्रांचं पुस्तक बोलतेय. पुस्तकाला बाई म्हणावं की बाप्या, हे मला कुणी सांगितलं नाही. पण जन्म सगळा मांडीवर आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेला, म्हणून मी आपली स्वतःला बाईच धरून चालते. माझ्या अंगावर अक्षरं आहेत म्हणतात. असतील. मला वाचता येत नाही. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते? जे मोठ्यानं वाचलं गेलं ते मी ऐकलं, आणि ऐकलेलं मी विसरत नाही.

गोष्ट मुंगीच्या डोळ्यांची आहे. आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणू नका की हिनं हसवत हसवत नेलं आणि मधेच रडवलं. त्या पोरीचे डोळे जात होते, आणि ते कुणाला कळू नये असा बंदोबस्त घरातल्या सगळ्यांनी मिळून, अगदी मायेनं, माझ्याच पानांवर केला.

माझा जन्म छापखान्यातला. भल्यामोठ्या कागदावर माझी सगळी पानं एकदम छापली, काही सरळ, काही डोकं खाली पाय वर. मग कापलं, दुमडलं, आणि एका बाईनं सुईदोऱ्यानं शिवलं. शिवता शिवता ती शेजारणीला सासूचं गाऱ्हाणं सांगत होती, त्यामुळे माझा एक टाका सैल राहिला. सासू कशी होती देव जाणे, भोगलं मी.

माझ्यात एका गोगलगायीची गोष्ट आहे. तिच्या घराची किल्ली हरवते. घर पाठीवर आणि आत जाता येईना! मग ती शोधत निघते. विहिरीपाशी जाते, बागेत जाते, वाण्याच्या दुकानात, शिंप्याकडे. गंमत अशी की प्रत्येक चित्रात ती किल्ली कुठेतरी बारीक काढून ठेवलेली आहे. गोगलगायीला ती दिसत नाही, बघणाऱ्या पोरांना दिसते. पोरं किंचाळतात, "अगं ती बघ, तुझ्या मागे!" आणि गोगलगाय आपली पुढच्या पानावर.

मला दुकानातून घेऊन गेली ती मुंगीची आई. त्याच आठवड्यात तिनं थोरलीला शाळेतून काढलं होतं. थोरली सात वर्षांची. रोज सकाळी दप्तर दिसलं की तिच्या पोटात दुखायचं, आणि बाईंनी सगळ्या वर्गासमोर सांगितलेलं, "हिचं डोकं चालत नाही." आई त्या दिवशी पोरीला हाताला धरून घरी घेऊन आली ती आलीच. म्हणाली, "आजपासून शाळा इथे. या टेबलावर. धाकटीपण इथेच शिकेल."

धाकटी म्हणजे मुंगी. तेव्हा साडेतीन-चार वर्षांची. जमिनीला नाक लावून काहीतरी हुडकत फिरायची, म्हणून मुंगी.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट अडकली की लोक त्याला शिव्या देत बोलवायचे, सुटली की विसरून जायचे, त्यामुळे माणूस शांत झाला होता. तो म्हणाला, "कर. वर्ष-दीड वर्ष बघू. पोरी शिकल्या तर माझं काही म्हणणं नाही. नाही शिकल्या, तर दोघी शाळेत. मग रडारड नको."

"शिकतील," आई म्हणाली.

रडारड नको असं बाबा म्हणाला खरा, पण त्याची थोरली बहीण म्हणजे आत्या, ती काय गप्प बसणार? शिवणकाम करायची, दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि रविवारी दुपारी हजर. गळ्यात मोजायची टेप तशीच लोंबत असायची. पहिल्याच रविवारी म्हणाली, "घरी शिकवणार म्हणे! आणि परीक्षा कोण घेणार गं, हा फ्रिज?"

"तुम्ही घ्या ना आत्या," आई म्हणाली. "दर रविवारी घ्या."

"घेईन. मला सोडायची सवय नाही."

झालं. त्या दिवसापासून घरात आठवडाभर शाळा आणि रविवारी आत्या.

आता आईची पद्धत ऐका. तिचं म्हणणं, पोरांपुढे पुस्तकांचा ढीग टाकून काही होत नाही. एकच पुस्तक घ्यावं, ते हातापायांत मुरवावं. म्हणून सगळी शाळा माझ्यातूनच निघायची. विहिरीचं पान आलं की बादलीत पाणी. काय तरंगतं, काय बुडतं? चमचा बुडाला, बूच तरंगलं, साबण बुडाला, बाबाचा स्क्रूड्रायव्हर बुडाला आणि बाबा ओरडला. बागेचं पान आलं की काचेच्या पेल्यात ओला कापूस आणि त्यात घेवड्याचं बी. वाण्याच्या पानाला कपड्यांच्या हँगरला दोन वाट्या टांगून तराजू. बटाटा जड की बाबाचे नट-बोल्ट? शिंप्याच्या पानाला आत्यानं आणलेली बटणं, त्यांची वर्गवारी. आणि या सगळ्यात मी मधोमध उघडी. पाणी उडालं माझ्यावर, पीठ सांडलं माझ्यावर, डिंक लागला मला. पण खरं सांगू? दुकानातल्या काचेत बसून कोरी राहण्यापेक्षा हे बरं होतं. थोरलीचं पोट दुखायचं थांबलं. ती हसायला लागली, बेरजा करायला लागली, उलट उत्तरं द्यायला लागली.

आणि मुंगी? मुंगी माझ्यावर जीव टाकायची. मला नाकाशी धरायची. तिच्या पापण्या माझ्या पानाला लागायच्या, मला गुदगुल्या व्हायच्या. मला वाटायचं, केवढी ही माया! आईलाही तेच वाटायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "पुस्तकाचा वास घेते बघा आमची मुंगी."

तिचे डोळे मोठे होते. नुसते मोठे नाहीत, बघणाऱ्यानं थांबून बघावं इतके मोठे, काळेभोर आणि सदा ओलसर. भाजीवाली म्हणायची, "काय डोळे दिलेत पोरीला!" आत्या, जिचं तोंड कौतुकाच्या बाबतीत टिपा घालून शिवलेलं, तीसुद्धा म्हणायची, "बाकी काही असो, डोळे मात्र आमच्या घरातले घेतलेत." ओलसर का, हे कुणी विचारलं नाही. कधी पाणी गालावर यायचं, आई पदरानं पुसायची, म्हणायची, सर्दी झालीय. उन्हात नेलं की मुंगी मान खाली घालून डोळे घट्ट मिटायची. आई म्हणायची, लाजते.

उजेड तिला सोसायचा नाही. पण आईनं त्यातूनही शाळा काढली. टेबलावर चादर टाकून गोगलगायीचं घर केलं. मुंगी मला घेऊन त्या अंधाऱ्या घरात तासन् तास. आई खूश. "बघा, किती मन लावून बसते."

आता यातली खुबी, म्हणजे खरं तर खोट, सांगते. आईनं माझ्यावर जितके खेळ केले तितक्या माझ्या अंगावर खुणा झाल्या. विहिरीच्या पानाचा कोपरा पाण्यानं फुगला. बागेच्या पानावर ओला कापूस चिकटून खरखर राहिली. वाण्याच्या पानावर पिठाचे कण वाळले. शिंप्याच्या पानावर डिंकाचा टेंगूळ आला. मुंगीची बोटं आधी ती खूण शोधायची आणि मग तोंड उघडायचं. कोपरा फुगलेला लागला, की लगेच, "गोगलगाय विहिरीपाशी आली. विहीरबाई, विहीरबाई, माझी किल्ली पाहिलीस का?" एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि किल्ली कुठे, तर पानाच्या कडेपासून बोटांनी चाचपत नेमकी तिथे. आईनं पहिल्या दिवसांत तिचं बोट धरून दाखवलेली जागा तिच्या हातात बसली होती.

बटणं निवडायची तर ती भोकं आणि कडा चाचपून निवडायची. आई आत्याला म्हणायची, "रंगावर जातच नाही बघा. सगळ्या पोरी रंगावर जातात, ही भोकं मोजते."

"हं," आत्या म्हणायची. "डोकं आहे."

असं आत्यानं म्हणणं म्हणजे घरात सण. त्या संध्याकाळी आई गाणं गुणगुणत भांडी घासायची. मी ओट्यावर ऐकायची. आणि पुढच्या रविवारसाठी पुन्हा मीच. तीच विहीर, तीच बाग. जे छान येतंय तेच आत्याला दाखवायचं, कारण दाखवलं नाही तर शाळा. आईला ती भीती होतीच. एखादं नवं पुस्तक आणावं असं बाबा एकदा म्हणाला, तर आई म्हणाली, "नको. हे तिचं पक्कं होतंय, आत्ताच कशाला गोंधळ?" मुंगीलाही कळलं होतं की आपण घडाघडा म्हटलं की आई हसते. चार वर्षांच्या पोरीला आणखी काय कळायला हवं?

तिला दिसत नाही, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं! तिला वाटत असणार, सगळं जग असंच असतं, धुरातलं. लोक त्यात बोटांनी शोधतात आणि बाकीचं पाठ करतात.

फोडलं ते थोरलीनं, आणि तेही जळून. किल्ली शोधायच्या खेळात मुंगी दर वेळी जिंकायची. थोरली मान वर करायच्या आत मुंगीचं बोट जागेवर. मग एका शनिवारी थोरलीनं शिंप्याच्या पानावरच्या किल्लीवर हिरवा कागद झाडाच्या पानासारखा कापून चिकटवला आणि दुसऱ्या कोपऱ्यात लाल खडूनं चांगली ठळक, बोटभर किल्ली काढली. तीही माझ्याच अंगावर. खडूनं मला कधी दुखलं नाही, त्या दिवशी मात्र ती लाल रेघ मला जड वाटली.

रविवारी आत्या आली. चहा झाला. आईनं मला टेबलावर ठेवलं. मुंगीनं डिंकाचा टेंगूळ चाचपला आणि सुरू केलं, "शिंपीकाका, शिंपीकाका, माझी किल्ली पाहिलीत का?" आणि बोट ठेवलं हिरव्या पानावर. "ही बघा!"

"हरली!" थोरली टाळ्या पिटत उठली. "हरली, हरली! तिथे पान आहे. किल्ली बघ की कुठे आहे, केवढी मोठी!"

आत्या हसली. "लबाड आहेस हं तू. मुंगे, नीट बघ बाळा, ताईनं तुला फसवलंय."

मुंगी वाकली. नाक माझ्या पानाला टेकलं. पापण्या फिरल्या. मग बोटं फिरली. "इथे काहीतरी चिकटवलंय," ती म्हणाली. "पण किल्ली इथेच असते."

"अगं ती लाल!" थोरली म्हणाली. "आंधळी आहेस का?"

पोरं असं म्हणतात. रोज म्हणतात. पण त्या दिवशी तो शब्द टेबलावर पडला आणि तिथेच राहिला. आईच्या तोंडावरचं हसू अजून उतरलं नव्हतं, नुसतं तिथे अडकलं होतं. तिनं बाजूचा मोठा झारा उचलला आणि दोन पावलं मागे गेली.

"मुंगे, माझ्या हातात काय आहे?"

मुंगीनं मान इकडून तिकडे केली. आईच्या आवाजाकडे वळून गोड हसली.

"तू आधी सांग ना," ती म्हणाली. "मग मला येतं."

आत्यानं गळ्यातली टेप काढून मांडीवर ठेवली. 

डोळ्यांच्या दवाखान्यात मलाही नेलं. मुंगी मला सोडेना. डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत पोरीच्या डोळ्यांत उजेड टाकला, ती किंचाळली, बाबानं तिला घट्ट धरलं. खूप वेळ तपासलं. मग दिवा लावून बाईंनी विचारलं, "डोळ्यांतून पाणी कधीपासून येतं?"

"लहानपणापासून," आई म्हणाली. "सर्दीनं येतं असं वाटलं."

"उजेडाकडे बघत नाही?"

"लाजते ती."

 डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, "डोळ्याच्या आतला दाब वाढत गेलाय. अगदी तान्हेपणी दाब वाढला की डोळा ताणला जातो, मोठा दिसायला लागतो. दिसतो सुंदर, म्हणूनच आईबापांना शंका येत नाही. डाव्या डोळ्यातलं गेलंय. उजव्यातलं थोडं राहिलंय. ऑपरेशन करून ते टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत आणता येणार नाही."

बाबा म्हणाला, "थोडं म्हणजे किती?"

"उजेड कळेल. कुणी हललेलं कळेल. अगदी जवळचे मोठे रंग, कदाचित."

 आईनं माझ्याकडे बघत विचारलं, "शाळेत असती तर?"

"तर फळा दिसत नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असतं." डॉक्टरीणबाईंनी आईचं तोंड पाहिलं आणि घाईनं म्हणाल्या, "कदाचित नसतंही आलं. तिथेही पोरं वर्षानुवर्षं तशीच बसून राहतात."

पण पहिलं वाक्य बोलून झालं होतं. आईला तेवढंच ऐकू आलं.

ऑपरेशनं झाली. औषधाचे थेंब सुरू झाले, ते आता जन्माचे. टेबलावरची शाळा बंद. थोरली गल्लीच्या टोकाच्या दुसऱ्या शाळेत जाऊ लागली. तिथल्या बाई बऱ्या होत्या, पण ती घरी आली की माझ्या बाजूला फिरकायची नाही. लाल खडूची रेघ तिनं एकदा ओल्या फडक्यानं पुसायचा प्रयत्न केला. कागद फाटला, रेघ राहिली. मुंगी, जिथे बोटांनी वाचायला शिकवतात त्या शाळेत. तिथे ती म्हणे सगळ्यांत पुढे आहे. असणारच, तिच्या बोटांची तयारी आधीच झाली होती.

आत्या येते, पण काही विचारत नाही. आई ज्या टोमण्याची वाट बघत असायची तो आलाच नाही. एकदा फक्त म्हणाली, "मी रोज सुईत दोरा ओवणारी बाई. माझ्या समोर बसायची गं ती." आणि उठून गेली.

मग आईनं एक केलं. आत्याकडून लोकर आणली आणि दुपारी घर रिकामं असताना माझ्या एकेका चित्राच्या कडेनं डिंकानं लोकर चिकटवली. गोगलगाय लोकरीची, विहीर लोकरीची, झाडं लोकरीची. डोळे मिटून स्वतः चाचपून बघायची, मान हलवायची, उपटून पुन्हा चिकटवायची. माझी पानं त्यात सोलली गेली. मी काही म्हटलं नाही, मी कधी काय म्हणू शकले?

मुंगी शाळेतून आल्यावर आईनं मला तिच्या मांडीवर ठेवलं. मुंगीची बोटं फिरली. थांबली. पुन्हा फिरली.

"ही कोण, सांग बघू?" आई म्हणाली. आवाज जरा जास्तच आनंदी.

"गोगलगाय," मुंगी लगेच म्हणाली. "छान आहे."

 ते "छान आहे" आईनं ओळखलं. आईला हसवायला घडाघडा दिलेलं असलंच उत्तर ती दीड वर्ष दर रविवारी ऐकत आली होती.

"मुंगे, खरं सांग. लागतेय का हाताला गोगलगाय?"

"खरं सांगितलं तर तू रडशील."

"रडेन. तरी सांग."

मुंगीनं विचार केला. "ही गोगलगाय नाहीये. लोकरीचा गुंता आहे." मग जरा वेळानं, जणू सांगायचंच आहे तर सगळं सांगून टाकू, अशा सुरात म्हणाली, "आणि आई, तू हललीस की मला कळतं. पण तुला तोंड नाहीये. आधी होतं थोडंसं. आता नाहीये."

आईनं आवाज केला नाही. अजिबात नाही. मी दोघींच्या मधे होते, मला फक्त एक हुंदका कळला. मुंगीनं हात वर केला, अंदाजानं, आधी खांदा लागला, मग हनुवटी, मग गाल. ओला लागला.

"म्हटलं होतं ना मी," ती म्हणाली, आणि आईचं नाक आपल्या फ्रॉकच्या टोकानं पुसायला लागली.

त्यानंतर मला कुणी वाचलं नाही. मी कपाटावर आहे. लोकरीच्या फुगवट्यामुळे पुरती मिटत नाही, अर्धवट तोंड उघडं टाकून पडलेली असते, आत धूळ जाते. आई धूळ झटकायला चढते तेव्हा मला उचलते, माझ्याखालची जागा पुसते आणि मला न उघडता ठेवते. माझा तिच्यावर राग नाही. तिनं पोरींसाठी जेवढं केलं तेवढं करणारी बाई मी पाहिली नाही, आणि तेच तिला खातंय.

तुम्ही आज मला खाली काढलंत म्हणून बोलले. तुमच्या घरी एखादं पोर मांडीवर बसून घडाघडा गोष्ट म्हणत असेल तर खुशाल मुका घ्या त्याचा. पण मग त्याला म्हणा, आता मला असं काहीतरी सांग जे मी तुला शिकवलेलं नाही. आणि ते अडखळलं, तर हसून पुढच्या पानावर जाऊ नका हो. थांबा तिथे.

एवढंच. खालून मुंगीचा आवाज येतोय. शाळेतून आली वाटतं. ठेवा मला वर.